रक्त मांजराचं, उपद्व्याप पिसवांचा

मांजराचा वरचा ओठ बोटाने जरा वर सरकवा आणि हिरडी बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. दाबली की क्षणभर पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही मांजरांच्या हिरडीवर मुळातच काळे डाग असतात. तिथे जीभ बघावी, नाही तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग बघावा. मांजर ठणठणीत असतानाच हे करून ठेवलेलं बरं. आपल्या मांजराचा नेहमीचा रंग माहीत असला तरच तो बदललेला कळतो, आणि हिरडी पांढरीफटक दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

याचं कारण मांजराच्या स्वभावात आहे. कुत्रं आजारी पडलं की सगळ्या घराला कळतं. मांजर मात्र दुखणं अंगावर काढतं. रक्त हळूहळू कमी होत गेलं तर ते तेवढ्या बेताने आपली धावपळ कमी करतं. फ्रिजवर उडी मारणारं मांजर खुर्चीपर्यंतच जातं, मग तेही सोडून पलंगाखाली पडून राहतं. आपण म्हणतो, उकाडा आहे. किंवा म्हणतो, वय झालं. काही मांजरं या दिवसांत भिंत चाटतात, कुंडीतली माती खातात, रेतीच्या ट्रेमधली रेती चघळतात. घरच्यांना तो चाळा वाटतो, पण रक्त कमी झालेल्या मांजराची ही ओळखीची खूण आहे. बसल्या जागी श्वास जोरात चालायला लागला की मग घाबरून दवाखाना गाठला जातो.

रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक, आणि वेळेवर ओळखलं तर चांगलं बरं होणारं, म्हणजे मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस हा जीवाणू. मांजराची तांबडी पेशी साडेपाच-सहा मायक्रॉन रुंदीची, माणसाच्या पेशीहून लहान. हा जंतू एका मायक्रॉनहूनही लहान. तो पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरून तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. त्याने पेशीचं थोडंफार नुकसान होतं, पण खरा घात पुढे होतो. चिकटलेल्या जंतूमुळे ती पेशी शरीराला परकी वाटू लागते, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि प्लीहा अशा पेशी वेचून नष्ट करत सुटते. म्हणजे मांजराचं रक्त बऱ्याच अंशी मांजराचंच शरीर संपवत असतं. ताप येतो, प्लीहा वाढते, कधी डोळ्यांत आणि कानाच्या आतल्या बाजूला पिवळेपणा दिसतो. कावीळ म्हटली की आपल्याला यकृत आठवतं. इथे ती फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे होते.

हा जंतू शास्त्रज्ञांना बराच काळ नीट कळलेला नव्हता. 1942 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका मांजराच्या रक्तात असे ठिपके दिसल्याची नोंद झाली, 1953 मध्ये अमेरिकेत या सांसर्गिक रक्तक्षयाचं वर्णन झालं. प्रयोगशाळेत तो वाढवता येत नव्हता, आजही येत नाही. त्यामुळे त्याची गणना रिकेट्सियासारख्या जंतूंत होत राहिली आणि नाव पडलं हीमोबार्टोनेला फेलिस. त्याची जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा कळलं की तो मायकोप्लाझ्मांच्या कुळातला आहे, आणि 2001 च्या सुमारास नाव बदललं. जुने पशुवैद्य अजूनही हीमोबार्टोनेलाच म्हणतात, तेव्हा फाइलवर दोन वेगळी नावं दिसली तर आजारही दोन आहेत असं समजू नये. त्याचे दोन भाऊबंदही आता माहीत आहेत. एक हीमोमिन्यूटम, जो बऱ्याच मांजरांत काही त्रास न देता राहतो. दुसरा ट्युरिसेन्सिस, जो स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये पहिल्यांदा सापडला. तिघांत खरा आडदांड हीमोफेलिसच. धडधाकट मांजरालाही तो एकटा आडवा करू शकतो. बाकीचे दोघे बहुधा दुसऱ्या कुणाच्या साथीने घात करतात, आणि तो दुसरा अनेकदा ल्युकेमियाचा विषाणू (एफईएलव्ही) किंवा मांजरांचा एड्स म्हणतात तो एफआयव्ही असतो. रक्तात मायकोप्लाझ्मा सापडला की डॉक्टर या दोन विषाणूंची चाचणीही करायला सांगतात, ती यासाठी. बिल वाढवायला सांगतात असं मनात आणू नये.

निदान मात्र वाटतं तितकं सोपं नाही. दवाखान्यात रक्त घेतलं जातं, जांभळ्या झाकणाच्या नळीत भरून लॅबला जातं, आणि रिपोर्ट येतो की जंतू दिसले नाहीत. मालक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं, त्याने जंतू पेशींवरून सुटून येऊ शकतात. दुसरं असं की हे जंतू रक्तात सदासर्वकाळ सारख्या संख्येने नसतात. आज काचपट्टीवर पेशीपेशीला चिकटलेले दिसतील आणि दोन-तीन दिवसांनी शोधूनही सापडणार नाहीत. शिवाय रंगद्रव्याचा गाळही सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसतो, त्यामुळे नसलेला आजार ‘दिसण्या’चीही सोय आहे. म्हणून शक्य असेल तिथे ताज्या रक्ताची काचपट्टी तिथल्या तिथे करावी आणि जंतूंची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी करावी. तीही औषध सुरू करण्याआधी. औषध पोटात गेल्यावर केलेल्या पीसीआरवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

या जंतूला पेशीभित्तिका नसते. ही बाब पुस्तकी वाटेल, पण उपचार तिच्यावरच ठरतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत. जिथे भिंतच नाही तिथे ती करणार काय? घरात उरलेलं मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप मांजराला पाजून वाट बघत बसणाऱ्यांचे मोलाचे दिवस असे वाया जातात. इथे चालतं ते डॉक्सिसायक्लिन, साधारणतः दोन ते चार आठवडे. त्याने जमलं नाही तर मार्बोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन मात्र जास्त मात्रेत गेलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा कायमचा खराब करतं, म्हणून ते कुत्र्याच्या हिशेबाने कधीही देऊ नये. शरीर स्वतःच्याच पेशी फोडत सुटलं असेल तर काही दिवस स्टिरॉइडही लागतं, आणि रक्त फारच खाली गेलं तर बाहेरून रक्त चढवावं लागतं. मांजरांतही ए, बी आणि एबी असे रक्तगट असतात. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडं निसर्गतःच तयार असतात, त्यामुळे गट न तपासता चढवलेलं पहिलंच रक्त जीव घेऊ शकतं. शेजारचं धष्टपुष्ट मांजर उचलून नेलं आणि रक्त दिलं, असं इथे चालत नाही.

डॉक्सिसायक्लिनबद्दल एक गोष्ट दवाखान्याच्या घाईत सांगायची राहून जाते. मांजराच्या अन्ननलिकेतून कोरडी गोळी सहज खाली उतरत नाही, ती मधेच अडकून बसते. ही गोळी विरघळते तेव्हा आतलं अस्तर जाळते, आणि जखम भरताना तिथे अन्ननलिका आक्रसते. मग रक्त सुधारतं, पण खाल्लेलं अन्न उलटून पडू लागतं आणि कुणाला कारण सापडत नाही. गोळी दिल्यावर लगेच सुई नसलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलि पाणी ओठाच्या कडेने हळूहळू पाजावं, किंवा लगोलग काहीतरी आवडीचं खायला द्यावं. दुधातून मात्र देऊ नये, दुधातल्या कॅल्शियमशी औषध बांधलं जातं. लोहाच्या टॉनिकचंही तेच. हिरड्या पांढऱ्या दिसल्या की रक्तवाढीचं औषध आणायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण या आजारात पेशी शरीराच्या आतच फुटतात, त्यांतलं लोह बाहेर जात नाही, पुन्हा वापरलं जातं. टॉनिकने इथे फार काही साधत नाही, उलट एकाच वेळी दिलं तर डॉक्सिसायक्लिनचं काम तेवढं बिघडतं.

याहून मोठा धोका घरातल्या औषधांच्या डब्यात आहे. मांजराचं अंग तापलेलं लागलं की कुणाला तरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यायची बुद्धी होते. पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली एक यंत्रणा मांजरांत जवळजवळ नसतेच. त्यातून तयार होणारं विष तांबड्या पेशींवर तुटून पडतं, हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्याच्या कामातून जातं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. आधीच जंतूंनी पोखरलेल्या रक्तावर हा घाव बसला तर वाचवायला फारसं काही उरत नाही. पॅरासिटामॉल मांजराला थोडंसुद्धा द्यायचं नाही, मग ते लहान मुलांचं सिरप का असेना. कांदा-लसणाचं कालवण आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या याही मांजराच्या तांबड्या पेशींच्या वैरी आहेत, तेवढं ओघात सांगून ठेवतो.

उपचाराने मांजर बहुतेक वेळा सुधारतं, आठवड्याभरात खायला-खेळायला लागतं. आणि इथेच अनेक घरांत कोर्स अर्धवट सुटतो. पूर्ण कोर्स घेतला तरी जंतू समूळ जाईलच असं नाही. बरं झालेलं मांजर वाहक म्हणून राहू शकतं आणि पुढे दुसऱ्या आजारात किंवा मोठ्या ताणात आजार पुन्हा उचल खाऊ शकतो.

हा जंतू मांजरापर्यंत येतो कसा? रक्त चढवताना तो जातो, हे नक्की. चावाचावीतून जात असावा असा दाट संशय आहे, कारण बाहेर भटकणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं. नसबंदी केलेला बोका रात्री-अपरात्री कमी हिंडतो, कमी भांडतो, हा त्या शस्त्रक्रियेचा फारसा न सांगितला जाणारा फायदा. तिसरा संशयित म्हणजे पिसू.

पिसू आणि गोचीड यांत आपल्याकडे गल्लत होते. गोचीड कातडीत तोंड रुतवून एका जागी बसते, रक्त पिऊन टम्म फुगते. पिसू बारीक, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी आणि केसांतून सरसर पळणारी. ती दिसतच नाही, म्हणून ‘आमच्या मांजराला पिसवा नाहीत’ हे वाक्य छातीठोकपणे म्हटलं जातं. खात्री करायची तर बारीक दातांची फणी घ्यावी. मांजराच्या शेपटीच्या बुडाशी पाठीवरून ती फिरवावी आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिशूवर झटकावे. साधी धूळ असेल तर ती काळीच राहते. कणांभोवती गंजासारखा लालसर-तपकिरी रंग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. मांजराचं पिऊन झालेलं, पचून वाळलेलं रक्तच ते.

हे कण टिशूवर पुन्हा एकदा नीट बघा. दुसऱ्या जंतूची सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

1950 मध्ये पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर दब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुलाला मांजराने ओरबाडलेलं असतं, ओरखड्याच्या जागी छोटी पुळी येते आणि एक-दोन आठवड्यांनी त्या बाजूच्या काखेत, कोपरापाशी किंवा मानेत अवधाण येतं. कारण मात्र सापडेना. पुढे तीसेक वर्षांनी, 1983 मध्ये, गाठींच्या कापात चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर बारीक दांड्यासारखे जंतू दिसले. 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या लष्करी विकृतिशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी गाठीतून एक जंतू वाढवला आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं अफिपिया. चोर सापडला असंच सगळ्यांना वाटलं. तो चोर नव्हता. एड्सच्या साथीत रुग्णांच्या अंगावर लालभडक रक्तवाहिन्यांच्या गाठी येत होत्या, त्यांच्या शोधातून एक वेगळाच जंतू पुढे आला. 1992 मध्ये मांजराच्या ओरखड्याने आजारी झालेल्यांच्या रक्तात त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. आज त्याला बार्टोनेला हेन्सेली म्हणतात. त्यातलं पहिलं नाव पेरूचे डॉक्टर अल्बेर्तो बार्तोन यांचं. आपल्या देशातल्या एका जीवघेण्या तापाचे जंतू त्यांनी रुग्णांच्या तांबड्या पेशींत पाहिले होते. दुसरं नाव डायान हेन्सेल यांचं. ओक्लाहोमातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करताना सुरुवातीचे बरेच नमुने त्यांनी वेगळे केले होते. तंत्रज्ञाचं नाव जंतूला मिळाल्याची उदाहरणं फार नाहीत. मला त्याचं अप्रूप वाटतं.

बार्टोनेला तांबड्या पेशीच्या बाहेर चिकटत नाही, थेट आत शिरतो. आणि गंमत अशी की मांजराला बहुधा त्याचं काहीच वाटत नाही. पिल्लाच्या रक्तात तो महिनोन्‌महिने असतो, मधेच नाहीसा होतो, पुन्हा उगवतो, आणि पिल्लू पडद्याला लोंबकळत असतं. हा संग जुना आहे: फ्रान्समध्ये उत्खननात सापडलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या मांजरांच्या दातांच्या गरातही या जंतूचा डीएनए मिळाला.

तो एका मांजरातून दुसऱ्यात कसा जातो, हे 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगाने दाखवलं. जंतुबाधित मांजरांच्या अंगावरच्या पिसवा निरोगी पिल्लांवर सोडल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात जंतू आला. उलट, पिसवा नसलेल्या जागेत बाधित आणि निरोगी मांजरं एकत्र ठेवली तेव्हा तो पसरला नाही. एकमेकांना चाटणं, एका थाळीत खाणं, यांनी काही झालं नाही. पुढे कळलं की पिसवेच्या विष्ठेत हा जंतू कित्येक दिवस जिवंत राहतो. मांजर अंग खाजवतं, टिशूवर दिसले तेच काळे कण नखांत जातात, आणि मग ते नख खेळताना मुलाच्या हातावर लागतं. ओरखडा मांजराचा, पण माल पिसवेचा.

म्हणूनच नखं उपटून टाकण्याची शस्त्रक्रिया हा यावरचा उपाय नाही. ती क्रूर आहे आणि निरुपयोगीही. उपाय पिसवांवर करायचा. एक पिसू मांजराच्या अंगावर दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी अंगावर थांबत नाहीत, गादीवर, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात गळतात. अळ्या तिथेच त्या काळ्या विष्ठेवर पोसल्या जातात आणि कोश करून आठवडे, कधी महिने पडून राहतात. मे महिन्यात गावी जाऊन आलेल्या कुटुंबाला बंद घराचं दार उघडल्याबरोबर पायांना चावे बसतात ते यामुळेच. माणसांच्या पावलांची थरथर आणि अंगाची ऊब लागली की कोश धडाधड फुटतात. कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत तर पिसवांना बारा महिने सुगी. तेव्हा नुसतं मांजराला आंघोळ घालून भागत नाही. मांजराच्या वजनाप्रमाणे पशुवैद्याने दिलेलं मानेवर टाकायचं औषध, फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखं, सांगितलेल्या अंतराने घरातल्या सगळ्या मांजरांना लावत राहायचं. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. फटी व्हॅक्यूमने साफ करायच्या. अगदी लहान पिल्लांना औषध न लावता फणीनेच पिसवा काढाव्यात. त्यांच्या बाबतीत पिसवांची संख्याच फार झाली तरी नुसत्या रक्तशोषणाने जीव जाऊ शकतो.

कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असतं. त्याने मांजराला कापरं भरतं, झटके येतात, जीव जातो. घरात दोघं असतील तर कुत्र्याला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्यापासून लांब ठेवा.

माणसाला बार्टोनेला झाला तर तो बहुधा आपोआप बरा होतो. गाठ काही आठवडे, कधी काही महिने राहते. डॉक्टर गरजेप्रमाणे अझिथ्रोमायसिन देतात. क्वचित डोळ्याच्या पडद्याला सूज येते किंवा हृदयाच्या झडपेवर जंतू बसतो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खालावली आहे त्यांना तो गंभीर होऊ शकतो. अशा घरात मांजर आणायचंच असेल तर वर्षापेक्षा मोठं, निरोगी, पिसवा नसलेलं आणावं. मांजराने ओरबाडलं की जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. मांजर अनोळखी किंवा लस न दिलेलं असेल तर जखम पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जावं. आपल्या देशात रेबीजचा प्रश्न बार्टोनेलाच्या आधी येतो आणि तो दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही.

काखेत किंवा मानेत गाठ आलेलं मूल आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर आलं की त्यांना आधी क्षयाची शंका येते, आणि ती येणं रास्तच आहे. क्षयाप्रमाणे या आजारातही गाठीत ग्रॅन्युलोमा (दाहातून बनलेले पेशींचे पुंजके) दिसू शकतात, त्यामुळे सुईने काढलेल्या नमुन्यावरूनही गोंधळ होतो. मांजराचा विषय डॉक्टरांना सुचेलच असं नाही. तेव्हा त्यांनी विचारण्याची वाट न बघता आपणहून सांगा की घरात मांजराचं पिल्लू आहे, त्याच्या अंगावर पिसवा आहेत की नाहीत आणि ओरखडा साधारण कधी लागला होता.